सदुसष्टाव्या वर्षीचं पदार्पण

निवृत्तीनंतर नट झालेल्या माणसांचा विषय निघाला की मला आधी बर्ट मस्टिन आठवतात. जन्म १८८४चा, अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा. लष्करी महाविद्यालयातून अभियांत्रिकीची पदवी घेतली खरी, पण उमेदीची वर्षं गेली मोटारी विकण्यात. निवृत्त झाल्यावर ते ॲरिझोनातल्या टूसॉनला राहायला गेले. कोरडी हवा, वर्षभर ऊन. तिकडची पुष्कळ पेन्शनर मंडळी तिथं जाऊन स्थिरावतात.

मस्टिन तिथं नाटकात काम करू लागले. फीनिक्सच्या सोम्ब्रेरो प्लेहाउसमध्ये 'डिटेक्टिव्ह स्टोरी'चे प्रयोग चालू असताना विल्यम वायलर या दिग्दर्शकानं त्यांना पाहिलं. दोन ऑस्कर मिळवलेला हा माणूस त्याच नाटकावर चित्रपट करणार होता. त्यानं या म्हाताऱ्याला हेरलं आणि चित्रपटात घेतलं. नायक कर्क डग्लस. मस्टिन यांच्या वाट्याला आलं पोलीस ठाण्यातल्या साफसफाई करणाऱ्या माणसाचं छोटंसं काम. चित्रपट १९५१ साली लागला, तेव्हा ते ६७ वर्षांचे होते. तिथून पुढं सुमारे पंचवीस वर्षं ते कॅमेऱ्यासमोर राहिले.

ही गोष्ट नशिबाची म्हणून सांगितली जाते. मला ते पटत नाही. पिट्सबर्गचं केडीकेए हे रेडिओ केंद्र नवं नवं होतं, तेव्हापासून मस्टिन तिथं कार्यक्रम करत होते. गात होते, हौशी नाटकांत उभे राहत होते. दिवसा गिऱ्हाईक, संध्याकाळी तालीम. तालमीची ही सवय त्यांनी नोकरीच्या सगळ्या वर्षांत मोडू दिली नाही, म्हणून वायलर समोर आला तेव्हा दाखवायला त्यांच्याजवळ काहीतरी होतं. मोटारींचा धंदाही वाया गेला नसावा. दारातून आत आलेल्या अनोळखी माणसाला पहिल्या दोन मिनिटांत आपलंसं करणं हे विक्रेत्याचं रोजचं काम, आणि छोट्या भूमिकेतल्या नटाच्या हातात तरी याहून जास्त वेळ कुठं असतो?

'लीव्ह इट टू बीव्हर' या मालिकेतला त्यांचा गस पाहावा. अग्निशमन केंद्रातला हा म्हातारा. घरी सांगायची चोरी असलेल्या गोष्टी घेऊन छोटा बीव्हर त्याच्याकडे येतो. गस उपदेश करत नाही. पोराचं सगळं ऐकून घेतो, विचार करतो आणि मग मोठ्या माणसाशी बोलावं तसं त्याच्याशी बोलतो. मस्टिन यांचा चेहरा लांबट, सुरकुतलेला, डोक्यावर केस जवळपास नाहीतच. पण नजर अशी जागी, की ते गप्प बसलेले असले तरी आपण त्यांच्याकडेच बघत राहतो.

तरुणपणी गाजलेल्या नटाचं म्हातारपण प्रेक्षक त्याच्या जुन्या चेहऱ्याशी ताडून बघतात. मस्टिन यांचा जुना चेहरा कुणी पाहिलेलाच नव्हता. म्हातारपण हेच त्यांचं पहिलं रूप. त्यामुळं ते लपवायची गरज पडली नाही. उलट 'ऑल इन द फॅमिली'त १९७३ साली त्यांनी वृद्धाश्रमातून निघून आलेला क्विग्ली केला, आणि त्या म्हाताऱ्यानं मैत्रिणीबरोबर लग्नाशिवाय राहायचं ठरवलेलं पाहून अख्खं घर चक्रावलं. १९७६च्या डिसेंबरात 'फिलिस' मालिकेत त्यांचं लग्नही लागलं. वधूची भूमिका करणाऱ्या जुडिथ लोरी ८६ वर्षांच्या होत्या. तो भाग दाखवला जाण्याआधीच त्या गेल्या, आणि पुढच्या महिन्यात, त्र्याण्णवावा वाढदिवस तोंडावर असताना, मस्टिनही गेले. पण कामाविना, आठवणी काढत बसून त्यांनी दिवस ढकलले नाहीत, याचं मला फार अप्रूप वाटतं.

असे मस्टिन आपल्याकडे ढिगानं आहेत. १९५४ पासून राज्य नाट्य स्पर्धा चालू आहे. बँकेतले, वीज मंडळातले, शाळांमधले लोक सुट्टीचे दिवस साठवून, पदरमोड करून त्यात उतरतात. निवृत्त होतात तेव्हा त्यांच्या गाठीशी तीस-पस्तीस वर्षांची रंगमंचाची मेहनत असते आणि अंगात जगून आलेलं शहाणपण असतं. तरीही मालिकेतला आजोबा हवा असला की चाळिशीतल्या नटाचे केस पांढरे केले जातात. त्याचा आवाज तरुण राहतो आणि चाल खोटी पडते. निर्मात्यांनी आणि कलाकारांची निवड करणाऱ्यांनी या वर्षी प्राथमिक फेरीला सोलापूर, अकोला, रत्नागिरीकडच्या केंद्रांवर चार दिवस मुक्काम टाकावा. म्हाताऱ्यांच्या भूमिका करणारी माणसं टिपून घ्यावीत, त्यांचे फोन नंबर घ्यावेत आणि मुंबईला परतल्यावर त्यांना खरंच फोन करावेत.