कोप कोणाचा?

काळे पोशाख, भग्न कबरी, कललेले क्रूस आणि घशाच्या तळातून काढलेली गर्जना! ‘गॉथिक मेटल’ या संगीतप्रकाराचे नाव निघाले की ख्रिस्ती घरांत पहिली सूचना येते ती बंदीची. वाशीमसारख्या आडबाजूच्या जिल्ह्यातही हे संगीत आता मोबाइलवरून मुलांच्या कानी पोहोचते. तेव्हा पालकांची चिंता आम्हांला समजते. परंतु न ऐकताच निकाल देण्याची रीत आम्हांला मान्य नाही. निदान एका आल्बमविषयी आम्ही ठामपणे म्हणतो की, त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर टाळून त्याच्यावर बंदी घालणे हा भित्रेपणा होय.

पोर्तुगालच्या ‘मूनस्पेल’ या बँडने २०१७ साली काढलेला ‘१७५५’ हा तो आल्बम. एरवी बहुतेक इंग्रजीत गाणारा हा बँड येथे प्रथमच सबंध आल्बम मायबोलीत, पोर्तुगीजमध्ये गातो. विषय आहे लिस्बनचा भूकंप. १ नोव्हेंबर १७५५, सकल संतांचा सण. सकाळच्या मिस्सेला देवळे भरलेली असताना धरणी हादरली. छपरे भाविकांवर कोसळली, वेदीवरच्या मेणबत्त्यांनीही आगीला हातभार लावला, पाठोपाठ समुद्र शहरात शिरला. हजारो माणसे मेली. कार्मो मठाच्या देवळाच्या कमानी आजही छपरावाचून उभ्या आहेत. आल्बममधील पहिल्या गीताचे शीर्षकच आहे, ‘भयाच्या नावाने’.

हे शीर्षक उगाच दिलेले नाही. भूकंपानंतर येशूसंघीय धर्मगुरू गाब्रिएल मालाग्रिदा यांनी १७५६ साली पुस्तिका काढून सांगितले की, हा देवाचा कोप आहे; नैसर्गिक कारणे सांगणाऱ्यांना त्यांनी दूषणे दिली. शहर नव्याने उभारू पाहणाऱ्या पोंबाल या मंत्र्याशी त्यांचे वितुष्ट आले आणि १७६१ साली धर्मन्यायपीठाने या वृद्धाला पाखंडी ठरविले; गळा आवळून त्याचा देह जाळण्यात आला. कोपाचा उपदेश क्रूर होता आणि उपदेशकाला मिळालेली शिक्षाही क्रूरच होती.

वाचकहो, प्रभू येशूने या प्रश्नाचा निकाल फार पूर्वीच दिला आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण ठार झाले, ते इतरांहून अधिक पापी नव्हते, हे त्याने स्वच्छ सांगितले. पश्चात्ताप करण्यास त्याने सांगितले ते ऐकणाऱ्यांना; मेलेल्यांवर त्याने दोष ठेवला नाही. लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय उघडून पाहावा. तरीही ‘पापाची फळे’ हे शब्द आपल्या ओठांवर इतक्या सहज कसे येतात? गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारी परिसरात हजारो माणसे झोपेत गाडली गेली. ती का अधिक पापी होती? ती मेली मातीत रचलेल्या जड दगडी भिंतींखाली. आमचा वाशीम जिल्हा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळलेला आहे. पावसाने दगा दिला, सोयाबीनला भाव मिळाला नाही, कर्ज फिटले नाही आणि घरधन्याने गळफास घेतला. त्याच्या विधवेच्या दारात उभे राहून दैवी शिक्षेची भाषा करणारा मनुष्य देवाची बाजू मांडीत नाही, सावकाराची मांडतो!

आल्बमशी आमचे भांडण आहे, ते वेगळे. भयावर पोसलेला धर्म तो अचूक ओळखतो. परंतु श्रद्धा म्हणजे केवळ भय नव्हे. त्या दिवसांत जखमींची शुश्रूषा करणाऱ्यांत आणि मृतांना मूठमाती देणाऱ्यांत भाविक होते, धर्मगुरूही होते. त्यांच्या हातांना या गर्जनेत जागा मिळालेली नाही, असे आम्हांला वाटते.

ही उणीव भरून काढण्याचे काम बंदीने होणार नाही. मुलांनी विचारावे, देव कोठे होता? आणि घरातील मोठ्यांनी त्यांच्याजवळ बसून सांगावे की, तो ढिगाऱ्याखाली होता, गाडलेल्यांच्या सोबत. आणि आज तो त्या विधवेच्या ओसरीवर आपली वाट पाहत आहे.