सांधेदुखी आणि शेतकऱ्याचें बसणें

शेतकऱ्यांच्या घरांत दुखण्याच्या दोनच जाती मानतात: एक अंगावर काढावयाचें, व दुसरें अंथरुणास खिळविणारें. कंबर, गुडघे व खांदे यांचें दुखणें प्रथम पहिल्या जातींत धरलें जातें आणि कांहीं वर्षांनीं एकाएकीं दुसऱ्या जातींत जाऊन बसतें. या दोहोंच्या मधला असा एक मार्ग आहे, व बहुतेकांस पुन्हां शेतांत उभा करणारा तोच आहे, असें आमचें मत आहे. तें वाचकांपुढें ठेवण्यासाठीं हा लेख.

प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करून तो निवृत्त झालेला आहे. तथापि गांवोगांवचीं दप्तरें पाहतांना एक गोष्ट वारंवार त्याच्या नजरेस आली. पन्नाशीच्या आसपास खातेदार गुडघ्यानें किंवा कमरेनें बसला, कीं पहिल्या वर्षीं दूरचा तुकडा अर्धेलीनें जातो, दुसऱ्या वर्षीं दावणीची बैलजोडी विकली जाते, आणि मुलगे शहरांत असले तर पुढें खरेदीखताचीच भाषा सुरू होते. फेरफाराच्या नोंदींत घेणाराचें नांव, क्षेत्र, रक्कम सर्व कांहीं असतें. देणाराचा गुडघा दुखत होता, हें लिहिण्यास तेथें रकाना नाहीं. म्हणून हा प्रश्न प्रकृतीचा आहे तितकाच जमिनीचाहि आहे.

बैलाचा खांदा सुजला तर आपण काय करतों? त्यास त्याच दिवशीं पुन्हां नांगरास जुंपीत नाहीं, आणि तीन महिने दावणीसहि बांधून ठेवीत नाहीं. चार दिवस विसांवा देतों, खांदा शेकतों. मग रिकामी गाडी, मग कुळव व शेवटीं नांगर, अशा चढत्या क्रमानें त्यास कामावर आणतों. पोळ्याच्या आदल्या दिवशीं खांदेमळणी करणाऱ्या समाजास हें शहाणपण शिकवावयास नको. नवल इतकेंच, कीं जें बैलास लागू तें धन्यास लागू करण्याचें आपणांस सुचत नाहीं.

वैद्यकाचा अनुभवहि असाच आहे. पूर्वीं कंबर धरली कीं आठवडा आठवडा निजून राहण्यास सांगत. १९८६ सालीं अमेरिकेंतील डॉक्टर रिचर्ड डेयो व त्यांचे सहकारी यांनीं २०३ रोग्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. कांहींस दोन दिवस व कांहींस सात दिवस निजण्यास सांगितलें होतें. दोन दिवसवाल्यांचे काम बुडालेले दिवस ४५ टक्क्यांनीं कमी भरले, आणि इतर बाबतींत ते मागें राहिले नाहींत. १९९५ सालीं फिनलंडमधील हेल्सिंकी शहराच्या नोकरवर्गावर प्रयोग झाला. त्यांत सोसेल तितकें नेहमींचें काम चालू ठेवणारे लोक निजून राहणाऱ्यांपेक्षां लवकर सुधारले. जुनाट कंबरदुखीविषयीं जागतिक आरोग्य संघटनेनें डिसेंबर २०२३ मध्यें मार्गदर्शन प्रसिद्ध केलें. त्यांत व्यायामाची शिफारस असून कमरेचे पट्टे व वजन लावून ताणणें हे नित्याचे उपचार म्हणून करूं नयेत, असें म्हटलें आहे. याचें कारण सरळ आहे. सांध्यास आधार स्नायूंचा. माणूस निजून राहिला कीं मांडीचे स्नायु झपाट्यानें उतरतात. मग तोच गुडघा अधिक दुखूं लागतो. दुखतो म्हणून हालचाल कमी, आणि हालचाल कमी म्हणून दुखणें अधिक, असें हें रहाटगाडगें चालू राहतें.

आतां प्रमाण कसें ठरवावें? त्याची कसोटी सोपी आहे. आजच्या कामानें दुखणें थोडें वाढलें व उद्यां सकाळपर्यंत पूर्ववत् झालें, तर तितकें काम सोसलें असें समजावें. सकाळीं ठणका किंवा सूज अधिक असेल, तर एक पायरी खालीं यावें. पण काम अजीबात सोडूं नये. बांधापर्यंत चालणें ही पहिली पायरी, दारें धरणें ही दुसरी, उभ्यानें कोळपणें ही तिसरी, आणि उकिडवें बसून खुरपणें व ओझें उचलणें ही शेवटची. एकेका पायरीवर आठवडाभर थांबण्यास हरकत नाहीं.

गुडघ्यासाठीं दोन व्यायाम घरच्या घरीं होतात. बाजेवर बसून हात न टेकतां सावकाश उठावें व बसावें, असें दहा वेळां. तसेंच उताणें निजून, एक गुडघा दुमडून, दुसरा पाय सरळ ताणून वीतभर उचलावा व पांच अंक मोजीपर्यंत धरावा. 'दिवसभर राबणारास व्यायाम कशाला?' असें कोणी म्हणेल. परंतु शेतकाम एकाच सांध्यास एकाच तऱ्हेनें शिणवितें, आणि व्यायाम नेमका दुबळा स्नायु भरून काढतो. गुण दिसण्यास सहा ते बारा आठवडे लागतात, तेवढा धीर धरावा. ज्यांचें वजन फार आहे त्यांनीं तें उतरवावें. एक किलो घटल्यास पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारें चार किलोंनीं घटतो, असें २००५ सालीं अमेरिकेंत प्रयोगानें मोजलेलें आहे.

याउलट गांवोगांव चाललेली रीत म्हणजे सुई टोंचून किंवा गोळी घेऊन त्याच दिवशीं कामावर जाणें. डॉक्टराच्या सल्ल्यानें थोडे दिवस घेतलेल्या गोळीस आमचा विरोध नाहीं. परंतु दुकानांतून आणून महिनेच्या महिने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या जठरास व्रण पाडतात, रक्तदाब वाढवितात व मूत्रपिंडें बिघडवितात. उन्हांत घाम गाळून पाणी कमी पिणारास हा धोका अधिक. डायक्लोफेनॅक हें औषध आपण गुरांनाहि देत होतों. अशा गुरांचीं मढीं खाऊन गिधाडें मूत्रपिंडें निकामी होऊन मरतात, हें २००४ सालीं प्रसिद्ध झालें आणि २००६ सालीं भारत सरकारनें गुरांसाठीं तें औषध बंद केलें. मनुष्य गिधाडाइतका नाजूक नाहीं हें खरें; पण तेंच औषध आपल्या खिशांत असतें, हें विसरूं नये.

कांहीं दुखणीं मात्र या मार्गानें जाण्याचीं नव्हत. पायांत बधिरपणा किंवा लुळेपणा येणें, लघवी वा शौचावरील ताबा सुटणें, दुखण्याबरोबर ताप असणें, कारणावांचून वजन उतरणें, पडल्यावर पाय टेकतां न येणें, यांपैकीं कांहीं दिसल्यास त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. सकाळीं अर्ध्या तासाहून अधिक वेळ सांधे आंखडून राहात असतील व बोटांचे सांधे सुजत असतील, तर तो आमवात असूं शकतो. त्यास निराळें औषध लागतें.

'वाफसा कोणासाठीं थांबत नाहीं. पायऱ्या मोजीत बसलों तर पेर हुकेल,' हा आक्षेप येईल, आणि तो खोटा नाहीं. एकट्या घरास हा मार्ग परवडत नाहीं, म्हणूनच संस्थेनें तो परवडेल असा करावा. सावड व इर्जिक या आपल्याच जुन्या चाली आहेत. प्रत्येक गांवच्या सभासदांनीं हंगामापूर्वीं यादी करावी. दुखणाईत सभासदाचीं ओझ्याचीं कामें सहा आठवडे इतरांनीं उचलावीं, आणि त्यानें बदली दारें धरावीं, राखण करावी, हिशेब लिहावा. उभ्यानें चालविण्याचीं हातकोळपीं संस्थेनें भाड्यानें द्यावीं. पाठीवरचा १६ लिटरचा पंप भरला म्हणजे वीस किलोंच्या आसपास जातो. तो अर्धाच भरावा. युरियाची गोणी २०१८ सालीं ५० किलोंवरून ४५ किलोंची झाली, तरी पन्नाशीच्या कमरेस तीहि जड. ती गाडींतच फोडून पाट्यांनीं न्यावी. खुरपणीस बसणाऱ्या स्त्रियांस बुटका पाट द्यावा व मधून मधून उभें राहूं द्यावें. गुडघ्यांची झीज स्त्रियांत पुरुषांपेक्षां अधिक आढळते. त्यांचें दुखणें 'रोजचेंच' म्हणून बाजूस सारणें अन्यायाचें आहे.

घरांतील तरुण मंडळी मायेनें म्हणतात, 'आतां तुम्हीं बसावें.' त्यांनीं त्याऐवजीं 'आज इतकेंच करावें' असें म्हणावें. आणि संस्थेच्या चालकांनीं येत्या सभेंत सावडीच्या यादीचा विषय घ्यावा, अशी त्यांस विनंती आहे.