चार दिवसांच्या चक्राची सबब

पुण्यात पाषाणच्या ‘आयसर’मधील निक्सन अब्राहम यांच्या गटाने मादी उंदरांवर प्रयोग केले. नराच्या मूत्रातील गंधखुणा कुठे आहेत, हे माद्या वासाबरोबरच मिशांच्या स्पर्शानेही शिकतात, असे त्यातून दिसले. तिथे मादी हवीच होती. एरवी जगभरच्या मेंदू आणि औषध संशोधनात वर्षानुवर्षे नरांनाच पसंती मिळाली. मादीची संप्रेरके सतत बदलतात, त्यामुळे निष्कर्ष डळमळतात, अशी सबब दिली जाई.

उंदराच्या मादीचे मदचक्र अवघे चार-पाच दिवसांचे असते. बीजकोषातील पुटके वाढू लागली की रक्तातील इस्ट्रोजेन चढते आणि मदपूर्व अवस्थेत शिखर गाठते. तोच मेंदूला इशारा असतो. त्या सायंकाळी पियुषिका ग्रंथीतून ‘एलएच’ची लाट येते, प्रोजेस्टेरॉनही वाढते, रात्री बीजे सुटतात आणि मादी नराला स्वीकारते. मीलन न झाल्यास चक्र पुन्हा सुरू होते. यातला टप्पा ओळखणेही कठीण नाही. योनीतील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या की तो कळतो. स्टॉकार्ड आणि पापानिकोलाउ यांनी १९१७ मध्ये गिनीपिगमध्ये हे दाखवले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीची ‘पॅप’ चाचणी याच पापानिकोलाउंच्या नावाची.

२०१४ मध्ये २९३ शोधनिबंधांतील मोजमापे एकत्र तपासली गेली. चक्राचा टप्पा न पाहता घेतलेल्या माद्यांमधील चढउतार नरांपेक्षा जास्त नव्हते. सबबीचा आधारच गेला.

स्त्रियांना गृहीत धरण्याची किंमत मात्र स्त्रियांनीच मोजली. झोल्पिडेम हे झोपेचे औषध स्त्रियांच्या शरीरातून सावकाश बाहेर पडते. सकाळी गाडी चालवताना त्याचा अंमल राहू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्त्रियांसाठीची मात्रा निम्मी करायला सांगितली ती २०१३ मध्ये, औषध बाजारात येऊन वीस वर्षे झाल्यावर.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी २०१६ पासून निधी मागणाऱ्यांना प्राण्यांच्या लिंगाचा विचार बंधनकारक केला. आपल्याकडेही निधी देणाऱ्यांनी आणि नीती समित्यांनी प्रत्येक प्रस्तावाला विचारावे : नरच का? त्यासाठी दरवेळी दुप्पट प्राणी लागतील असे नाही. अनेकदा तेवढ्याच संख्येत निम्मे नर, निम्म्या माद्या घेता येतील. प्रश्नच संप्रेरकांचा असेल तर टप्प्याची नोंद ठेवावी.

औषध घेणाऱ्यांत निम्म्या स्त्रिया असतील, तर पिंजऱ्यातही मादीला जागा हवी.