बोरघाटातल्या जुन्या रेल्वेमार्गाची पायवाट करा



पावसाळा लागला की कोल्हापूर-बेळगावची पोरं दूधसागर धबधब्याला निघतात आणि थेट चालू रुळांवरून चालत जातात. जुलै २०२३ मध्ये पोलिसांनी अशा पर्यटकांना उठाबशा काढायला लावल्या. तिथे रुळांवरून चालायला असलेली बंदी योग्यच आहे; बोगद्यात गाडी आली तर अंग चोरायलाही जागा मिळत नाही. पण ज्या मार्गावर आता गाडीच येत नाही, तो तरी चालणाऱ्यांना मोकळा करून द्यावा.

असा मार्ग आपल्या मुंबईच्या वाटेवरच आहे. आपली कोयना एक्स्प्रेस ज्या बोरघाटातून जाते, तिथला मूळ मार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. मुंबईहून येताना खंडाळ्याच्या अलीकडे डोंगराच्या सोंडेवर वळण घ्यायला जागा नव्हती, म्हणून तिथे रिव्हर्सिंग स्टेशन बांधले. गाडी टोकाशी येऊन थांबायची, इंजिन सोडवून दुसऱ्या बाजूला जोडायचे आणि शेवटचा डबा पुढे करून गाडी उरलेला चढ चढायची. १९२९ मध्ये बोगद्यांचा नवा मार्ग झाला आणि हे स्टेशन बंद पडले. मूळ मार्गासाठी हा घाट फोडताना हजारो मजूर पटकी आणि तापाने गेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. पुढचे काम त्याची पत्नी ॲलिस हिने हाती घेतले. हे सारे मुलांना त्याच जागेवर उभे करून सांगता आले पाहिजे.

दरडींची भीती खरी आहे. अतिवृष्टीत वाट बंद ठेवावी, एरवी मोजून माणसे सोडावीत. चढाचे म्हणाल, तर या घाटातला तीव्र चढही सदतीस फुटांना एक फूट एवढाच. गडावर न जाऊ शकणारे आजी-आजोबाही तो सावकाश चढतील.

प्रत्येक बंद मार्गाची पायवाट करा, असे मी मुळीच म्हणत नाही. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरच्या ‘शकुंतला’ रेल्वेगाडीवर तिथल्या लोकांचा हक्क आहे, त्यांना रेल्वेच मिळाली पाहिजे. बोरघाटातल्या जुन्या मार्गावर मात्र गाडी परत येणार नाही. त्याच्या शेजारचा १८३० चा अमृतांजन पूल २०२० मध्ये पाडला गेला. मध्य रेल्वे, वन विभाग आणि राज्याचा पुरातत्त्व विभाग यांनी आता तरी एकत्र येऊन उरलेल्या मार्गाची मोजणी करावी आणि तो संरक्षित म्हणून जाहीर करावा.

— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर