काचेच्या पेटीतल्या बाळाला गोष्ट कोण सांगणार?



गेल्या महिन्यात आमच्या शाखेच्या कार्यकारिणीत मी एक ठराव मांडला. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या मुलाच्या आईबापांना जादा पगारी रजा मिळावी, आणि रुग्णालयात बाळाजवळ बसण्याचा, त्याच्याशी बोलण्याचा, त्याला वाचून दाखवण्याचा हक्क त्यांना असावा, एवढाच तो ठराव होता. एक जुने सहकारी म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, जुनी पेन्शन गेली, जागा भरत नाहीत, निम्मे काम ठेकेदाराकडे गेले आणि तुम्ही चार दिवसांच्या पोराला पुस्तक वाचायला निघालात! हे श्रीमंतांचे चोचले आहेत." सभेत हशा पिकला आणि ठराव पुढच्या बैठकीवर गेला. त्या हशाला उत्तर देणे मला भाग आहे.

चोचले कोणाला परवडतात आणि कोणाला नाहीत, ते मी बंगळूरच्या सर्जापूर रोडवर पाहून आलो आहे. या रस्त्याच्या कोरमंगलाकडच्या टोकाला सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे. पुढे दोड्डकन्नेल्लीला विप्रोचे मुख्यालय आहे. त्याच्याही पुढे कार्मेलारम हे सेलम मार्गावरचे आपले रेल्वे स्टेशन लागते. दोन्ही बाजूंना उंच इमारती, खासगी प्रसूतिगृहे, आणि त्या इमारती बांधणाऱ्या मजुरांची पत्र्याची खोपटी.

माझी मुलगी बंगळुरात टपाल खात्यात पोस्टल असिस्टंट आहे. जावई रेल्वेत सिग्नल विभागात, पाळीचे काम. गेल्या पावसाळ्यात एकोणतिसाव्या आठवड्यात ती बाळंत झाली. मुलीचे वजन १ किलो १५० ग्रॅम. या रस्त्यावरच्याच एका खासगी रुग्णालयात बाळ बावन्न दिवस काचेच्या पेटीत होते. रुग्णालयाचे नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका रुग्णालयाचा नाही.

त्या कक्षाच्या दाराशी भिंतीवर एक रंगीत तक्ता होता. बाप बाळाला पुस्तक वाचून दाखवतो आहे असे चित्र, आणि खाली मजकूर : तुमच्या बाळाशी बोला, त्याला वाचून दाखवा. त्याच्याच शेजारी दुसरा फलक होता : भेटीची वेळ सकाळी ११ ते ११.३०, सायंकाळी ५ ते ५.३०. एक फलक सांगतो वाचा, दुसरा सांगतो निघा. जावयाची पितृत्व रजा १५ दिवसांची. ती पहिल्या पंधरवड्यातच, औषधे आणण्यात आणि पैशांची जुळवाजुळव करण्यात संपली. नंतर दुपारी दोनची पाळी लागली की संध्याकाळची भेट बुडायची. सकाळच्या अर्ध्या तासातली दहा मिनिटे हात धुण्यात आणि गाऊन चढवण्यात जायची.

पहिल्या दिवशी वाचायला त्याच्याजवळ काहीच नव्हते. माझ्या पिशवीत आपल्या महासंघाचा अंक होता, तोच मी त्याला दिला. महागाई भत्त्याच्या थकबाकीवरचा लेख त्याने हळू आवाजात आपल्या लेकीला वाचून दाखवला. काचेबाहेरून मला ऐकू काही आले नाही. पण बापाचा चेहरा दिसत होता. दहा दिवसांत तो माणूस पहिल्यांदाच घाबरलेला दिसला नाही. त्या मुलीला महागाई भत्ता काय कळणार? काही नाही. तिला आवाज कळतो, आणि मुद्दा तोच आहे.

मी दहावी शिकलेला माणूस आहे, डॉक्टर नव्हे. पण जे छापून आले आहे ते वाचता येते. पोटातले मूल सहाव्या-सातव्या महिन्यापासून ऐकू लागते. नवजात बाळ आईचा आवाज परक्या बाईच्या आवाजातून वेगळा ओळखते, हे १९८० साली अमेरिकेत प्रयोगाने दाखवले गेले. १९८६ साली त्याच संशोधकांपैकी एकाने पुढचा प्रयोग केला. गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत आयांनी पोटातल्या मुलाला एकच गोष्ट रोज मोठ्याने वाचून दाखवली. जन्मल्यावर त्या मुलांनी ती गोष्ट नव्या गोष्टीपेक्षा जास्त पसंत केली. म्हणजे पोटात असताना मुलाला जे मिळते, ते दिवस भरण्याआधी आलेल्या मुलाचे हुकते. त्याच्या वाट्याला पंप, यंत्रांच्या शिट्ट्या आणि ट्रॉलीची खडखड येते. अशा कक्षात आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये असे अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९७ सालीच सांगितले आहे. साधे बोलणेच साठाच्या आसपास असते. म्हणून वाचायचे ते हळू, संथ आणि थोडा वेळ. बाळाचा रंग बदलला, श्वास अडखळला, त्याने बोटे ताणून फाकवली की थांबायचे. हेही शिकवावे लागते, आणि शिकवणाऱ्या परिचारिकेला तेवढी फुरसत असावी लागते.

अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात अशा ३६ बाळांजवळचे आवाज सोळा-सोळा तास ध्वनिमुद्रित केले गेले. आईबाप जवळ असताना बाळे स्वतःही जास्त आवाज काढत होती. पुढे २०१४ साली त्यांचा निष्कर्ष आला की ज्यांच्या कानावर मोठ्या माणसांचे शब्द जास्त पडले, त्यांची दीड वर्षांच्या वयातली भाषेची प्रगती सरस होती. छत्तीस मुले म्हणजे फार नव्हेत. त्यावरून कोणी चमत्काराचा दावा करू नये, मीही करत नाही. पण बंगळूरसारख्या शहरात परिचारिका कन्नड, मल्याळी, तमिळ बोलणाऱ्या. मराठी बाळाच्या कानावर मराठी शब्द पडायचा तर तो आईबापाकडूनच पडणार. त्यांनाच बाहेर ठेवले तर तो कुठून येणार?

आणि नुसत्या आवाजाचीच गोष्ट नाही. जो बाळाजवळ असतो तोच वाचतो, आणि जवळ असण्याने जीव वाचतात याचा पुरावा भक्कम आहे. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्याची पद्धत १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, कारण तेथे पेट्या पुरत नव्हत्या. गरिबीतून निघालेली ही युक्ती २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घाना, भारत, मलावी, नायजेरिया व टांझानिया या पाच देशांत ३,२११ बाळांवर तपासली गेली. भारतातले केंद्र होते दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय. बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मल्याबरोबर आईजवळ ठेवले, तेव्हा २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. फरक एवढा स्पष्ट होता की प्रयोग मुदतीआधीच थांबवावा लागला. म्हणजे आईला बाहेर ठेवण्याची किंमत मोजलेली आहे. ती रुपयांत नाही.

आपल्याकडे हे नवे नाही. मुंबईत शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी उभी केली, ती महापालिकेच्या रुग्णालयात, गोरगरिबांच्या मुलांसाठी. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला लावली, आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणल्याचे १९९९ साली जगापुढे मांडले. सर्जापूर रोडवरच्या सेंट जॉन्सच्या संशोधन संस्थेने कर्नाटक सरकारबरोबर कोप्पळसारख्या मागास जिल्ह्यात, सरकारी रुग्णालयांतून, आईच्या छातीशी बाळ ठेवण्याचे काम उभे केले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ साली मार्गदर्शक सूचना काढल्या की नवजात कक्षात आईबापांना आत घ्यावे, शिकवावे व काळजीत सामील करावे. मग हे श्रीमंतांचे चोचले कसे? गरिबाने शोधले, सरकारने मान्य केले आणि श्रीमंताने आपल्या भिंतीवर तक्ता करून लावले, असा हा इतिहास आहे.

आता रजेचा हिशेब करू. केंद्रीय कर्मचारी महिलेला २००८ पासून १८० दिवस प्रसूती रजा आहे. ती आपण लढून मिळवली. पण बाळ अकरा आठवडे आधी आले तर काय होते? माझ्या मुलीचे बावन्न दिवस रुग्णालयाच्या बाकड्यावर गेले. घरी बाळ आले तेव्हा रजा १२८ दिवस उरली. रजा संपते त्या दिवशी पुऱ्या दिवसांचे मूल सहा महिन्यांचे असते. हे मूल, पुऱ्या दिवसांच्या हिशेबाने, जेमतेम साडेतीन महिन्यांचे. पुढे रजा घ्यायची तर आपल्याच खात्यातून. बालसंगोपन रजा ७३० दिवसांची खरी, पण ती हक्क म्हणून मागता येत नाही, साहेबाच्या मर्जीवर मिळते. आणि बायको हयात असलेल्या बापाला ती नाहीच.

२०२२ साली केंद्र सरकारने आदेश काढला की बाळ जन्मतःच किंवा जन्मानंतर लगेच दगावले तर आईला ६० दिवसांची विशेष रजा मिळेल. आदेश योग्य आहे, माणुसकीचा आहे. पण मग हेही विचारले पाहिजे की मूल जाण्यासाठी वेगळी रजा आहे, तर ते जगावे म्हणून झुंजणाऱ्या आईला वेगळी रजा का नाही? १९६१च्या प्रसूती लाभ कायद्यात वेळेआधी प्रसूतीमुळे आलेल्या आजारपणासाठी एक महिन्यापर्यंत जादा पगारी रजा होती. पण ती आईच्या आजारासाठी. बाळाजवळ बसण्याला कायद्याने काम मानलेलेच नाही.

इतरत्र मानले आहे. जर्मनीत प्रसूतीनंतरची आठ आठवड्यांची मुदत अशा बाळासाठी बारा आठवडे होते. ब्रिटनने २०२३ साली कायदा केला, आणि एप्रिल २०२५ पासून नवजात बाळ आठवडाभर किंवा जास्त रुग्णालयात राहिले तर आई आणि बाप दोघांनाही बारा आठवड्यांपर्यंत वेगळी रजा मिळू शकते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ साली सांगितले की रजेच्या नियमांत अशा आईबापांच्या खास गरजांचा विचार झाला पाहिजे.

प्रशासन म्हणेल, माणसे कमी आहेत, रजा कशी द्यायची? हेच तर आपण वर्षानुवर्षे सांगत आहोत! जागा रिकाम्या ठेवायच्या आणि त्याच रिकाम्या जागांचे कारण सांगून रजा नाकारायची. म्हणून जुन्या सहकाऱ्यांना मी सांगतो, हा प्रश्न भरतीच्या प्रश्नापासून वेगळा नाही. रिक्त जागेची झळ सर्वांत लहान माणसाला कशी लागते, ते येथे दिसते.

कोणी म्हणतात, आईचा आवाज टेप करून लावा. मुद्रित आवाज बाळाचा रंग बदललेला पाहत नाही आणि थांबत नाही. कोणी म्हणतात, नर्सने वाचावे. तीन-चार बाळांमागे पाळीला एक परिचारिका असावी असा सरकारी दंडक. तो कुठे पाळला जातो ते कोणत्याही जिल्हा रुग्णालयात रात्री जाऊन मोजा. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून १० बाळे गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये झाशीत तेच घडले. ज्या कक्षात वीज सुरक्षित नाही आणि माणूस पुरेसा नाही, तेथे नुसते पुस्तकाचे चित्र लावणे ही थट्टा आहे. परिचारिका आपल्याच वर्गाची आहे. तिच्यावर आणखी एक काम लादून आपला प्रश्न सोडवायचा नाही.

त्या रुग्णालयात ठेकेदाराकडे झाडूपोछा करणारी एक बाई होती, विजापूरकडची. मराठी समजायची. माझ्या मुलीला धीर द्यायची. एकदा सहज बोलून गेली की तिचा मुलगाही आठव्या महिन्यातला, आणि विसाव्या दिवशी ती कामावर परतली होती. मी विचारले, रजा? ती हसली. त्या कक्षाची फरशी ती रोज पुसते, भिंतीवरचा तक्ता रोज पाहते. तो कोणासाठी आहे, हे तिला आपल्यापेक्षा चांगले कळते. आपल्या मागणीत ती नसेल, ग्रामीण डाक सेवक नसतील, ठेक्यावरचे स्टेशन सफाई कामगार नसतील, तर मात्र तो सहकारी खरा ठरेल. मग हे खरेच चोचले होतील.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मागितली तेव्हाही ती चैन वाटली होती. १८९० साली ती मिळाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूती लाभाच्या विधेयकाच्या बाजूने उभे राहिले आणि १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. त्याआधी बाळंतीण कामगार बाईला पगार देणे ही कल्पनाच मालकांना हास्यास्पद वाटत असे. हसणे जुने आहे. हसणारे आपल्यातले असावेत, एवढेच नवे आहे.

आठवा वेतन आयोग २०२५ साली नेमला गेला आहे. त्याच्यापुढे आणि प्रत्येक पी.एन.एम.मध्ये पुढील मागण्या ठेवाव्यात :

१. बाळ जितके आठवडे आधी जन्मेल तितके आठवडे प्रसूती रजेत वाढावेत, व रुग्णालयातले दिवस १८० दिवसांत धरू नयेत.

२. अशा बाळाच्या बापाला १५ दिवसांऐवजी बाळ रुग्णालयात असेपर्यंत पगारी रजा मिळावी, आणि तो पाळीत असेल तर त्याच्या सोयीची पाळी मिळावी.

३. रेल्वे रुग्णालयांच्या नवजात कक्षांत २०१७ च्या सूचना अमलात याव्यात. आईसाठी खाट व आईबापांना दिवसरात्र प्रवेश असावा. रेल्वे ज्या खासगी रुग्णालयांशी करार करते, त्या करारात ही अट घालावी.

४. नवजात कक्षांतील परिचारिकांच्या जागा दंडकाप्रमाणे कायम स्वरूपात भराव्यात व वीजयंत्रणेची नियमित तपासणी व्हावी.

५. हे सर्व हक्क ठेका कामगार व ग्रामीण डाक सेवकांना लागू व्हावेत.

माझी नात आज घरी आहे, ठीक आहे. ती वाचल्याचे श्रेय मी डॉक्टर-परिचारिकांना देतो, आपल्या अंकाला नाही. पण त्या बावन्न दिवसांत तिचा बाप एकूण किती तास तिच्याजवळ होता, याचा हिशेब मी केला. सगळे मिळून एका पाळीचे आठ तासही भरत नाहीत.

पुढच्या बैठकीत ठराव पुन्हा येणार आहे. ज्यांना हसायचे असेल त्यांनी हा आकडा ऐकून हसावे. बाकीच्यांनी हात वर करावेत.

कामगार एकजुटीचा विजय असो!