सेल्सला ओव्हरटाइम नसतो?

शनिवारी सकाळी मांडव्याला रो-रो लागली, की थोड्याच वेळात चोंढी नाक्यावरून किहीमकडे गाड्यांची रांग सुरू होते. काही समुद्रावर जातात, काही प्लॉट बघायला थांबतात. प्लॉटच्या गेटवर छत्री घेऊन, गळ्यात आयकार्ड अडकवून 'वेलकम सर' म्हणणारा किंवा म्हणणारी बघा. बऱ्याचदा तो आपल्यातलाच कुणीतरी असतो. सोमवार ते शुक्रवार अलिबागला कॉलेज, शनिवार-रविवार 'सेल्स एक्झिक्युटिव्ह'.

मीही दोन सीझन तिथे उभा होतो. आठला साइट ऑफिसचं कुलूप काढायचं, खुर्च्या पुसायच्या, आलेल्यांची नावं-नंबर रजिस्टरला चढवायचे, शहाळी आणायची, मग चिखलातून प्लॉट दाखवायचा. शेवटची पार्टी 'सनसेट बघून येतो' म्हणून जाणार आणि ती परत येईपर्यंत आम्ही दिवे लावून बसणार. निघायला साडेआठ. जेवणाचा अर्धा तास सोडा, तरी बारा तास. महिन्याच्या शेवटी जादा तासांचं विचारलं तर साहेब हसले. "अरे, तू सेल्समध्ये आहेस. सेल्सला ओव्हरटाइम नसतो. इन्सेंटिव्ह आहे ना तुला?" इन्सेंटिव्ह प्लॉट विकला तर. दोन सीझनमध्ये माझ्या नावावर एकही नाही.

साहेबांचं वाक्य मी तेव्हा गिळलं. तुम्ही गिळू नका, कारण ते जेमतेम अर्धं खरं आहे.

महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने आणि आस्थापना कायदा जादा कामाला दुप्पट दर सांगतो. दिवसाला 9 तासांची मर्यादा होती. सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने ती 10 करायला मंजुरी दिली, शिवाय तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादा 125 वरून 144 तासांवर न्यायला. सूट आहे ती व्यवस्थापकीय, देखरेखीच्या किंवा गोपनीय जागेवरच्या माणसांना, आणि ज्यांचं काम मुळातच तुटक-तुटक असतं त्यांना. 'सेल्स' हा शब्द त्यात नाही.

पण 'कामगार' कोण, याच्या व्याख्येतही तो नाही. तिथे अंगमेहनतीचं, कुशल-अकुशल, तांत्रिक, कारकुनी काम अशी यादी आहे. अशाच यादीवर औषध कंपन्यांचे एमआर अडकले होते. 1994 मध्ये सुप्रीम कोर्टाने सँडोझच्या खटल्यात सांगितलं की औद्योगिक विवाद कायद्यातला कामगार ठरायचं तर त्या यादीतलं कुठलंतरी काम तुम्ही करत असलं पाहिजे. नुसता विक्रीचा प्रसार त्यात बसत नाही. एमआर मंडळींना 1976 चा वेगळा कायदा होता म्हणून काही हक्क तरी मिळाले. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रम संहितांनी त्यांना थेट 'कामगार' म्हटलंय.

म्हणून पदाच्या नावाला भुलू नका, दिवसभर तुम्ही प्रत्यक्षात काय केलंत ते आठवा. कुलूप, रजिस्टर, पावत्या, खुर्च्या. ही एक्झिक्युटिव्हची कामं? माझ्या हाताखाली एक माणूस नव्हता. ऑफिसचं मांजर होतं, तेही ऐकत नसे.

आणखी एक मेख आहे. राज्याचा हा कायदा 10 किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला होता, नव्या बदलात तो आकडा 20 होतो. आपल्याकडच्या साइट ऑफिसात पाच-सहा जण असतात. म्हणजे सगळ्यात जास्त गरज तिथेच कायदा अंग काढून घेतो, आणि हे मला सरळ चुकीचं वाटतं. त्यातल्या त्यात वेतन संहितेची वाट उरते. किमान वेतन ठरलेल्या कर्मचाऱ्याला ठरल्या तासांपुढच्या कामाचा किमान दुप्पट दर ती देते, आणि तिथे माणसांच्या संख्येची अट नाही.

फिरत्या विक्रेत्याला ओव्हरटाइम नको, ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेच्या 1938 च्या कायद्यातही ही सूट आहे. तर्क असा, की तो बाहेर असतो, त्याचे तास मोजणार कोण? त्याला कमिशनही मिळतं. 2012 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी औषध प्रतिनिधींनाही त्यात धरलं. पण त्या खटल्यातल्या दोघांची वर्षाची कमाई 70 हजार डॉलरच्या वर होती! आमचे तास मोजता येत नव्हते? सकाळी गेटवरचा सेल्फी ग्रुपवर टाकायचा, दर तासाला फोटो, वर लाइव्ह लोकेशन चालू. गैरहजेरी मिनिटात मोजणाऱ्यांना जादा तास तेवढे दिसत नाहीत, हे कसं?

कुणी म्हणेल, पॉकेटमनीसाठी केलेलं काम, एवढं काय ताणायचं? ताणायचं, कारण हाच साहेब उद्या पूर्णवेळ नोकरीवर घेताना हेच वाक्य म्हणणार आहे. तुमच्या जागी घर चालवणारी एखादी ताई असेल, तिलाही.

जॉइन होण्याआधी कामाचे तास लेखी मागा. व्हॉट्सॲपवर आले तरी चालतील. ग्रुपवरचे मेसेज डिलीट करू नका, तुमची हजेरी तिथेच आहे. आणि वहीत रोज दोन वेळा लिहा, कुलूप काढलं ती आणि लावलं ती. माझ्याकडे ती वही नव्हती. साहेबांनी विचारलं, "बारा तास? कशावरून?" आणि मी गप्प बसलो.