विश्लेषण : फिरायला नेलेली मांजर मालकावरच का उलटते?

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत हल्ली कुत्र्यांबरोबर एखादी मांजरही पट्टा लावून फिरताना दिसते. मग एखाद्या संध्याकाळी पार्किंगमध्ये कुत्रा भुंकतो आणि रोज मांडीवर झोपणारी मांजर मालकाचाच हात रक्तबंबाळ करते. ‘मांजरीची जातच बेइमान’ हा निकाल तयार असतो. चावल्याच्या रागात तिला लांब कुठेतरी सोडून येणारेही आहेत. पाळलेला प्राणी असा उपाशी मरायला टाकून देणे प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार गुन्हा आहे. शिवाय दोष मांजरीचा नसतोच.

मांजर उंदरांची शिकार करते, तशी मोठ्या प्राण्यांची शिकारही होते. त्यामुळे धोका दिसताच ती आधी पळते, उंच चढते, लपते. पंजा मारणे हा अखेरचा उपाय. दोरीमुळे पळण्याची वाटच बंद होते. कुत्र्यापर्यंतही पोहोचता येत नाही. मग जवळ असलेल्या हातापायांवर राग निघतो. ही भीती घरी आल्यावरही तासन् तास उतरत नाही. अशा वेळी कुरवाळायला जाणे म्हणजे दुसरा चावा ओढवून घेणे. अंधाऱ्या, शांत खोलीत तिला एकटी सोडा. घरातल्या दुसऱ्या मांजरीलाही दूर ठेवा.

तिने आधी इशारा दिलेला असतो, आपण तो वाचत नाही. कान मागे पडतात, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, शेपटी आपटू लागते. अंग जमिनीला चेपून दगडासारखी बसलेली मांजर ‘किती शहाणी’ वाटते. बहुधा ती भीतीने गोठलेली असते. तेव्हा दोरी ओढू नका. उघड्या हाताने उचलूही नका. जाड टॉवेल टाकून पिशवीत घ्या. गळपट्ट्याऐवजी छातीभोवतीचा हार्नेस वापरा आणि त्याची सवय आधी घरातच, खाऊ देत, काही आठवडे लावा. तरीही ती दारातच अडून बसली, तर फिरायला नेण्याची हौस आपलीच होती असे समजावे. तिला जाळी लावलेली खिडकी पुरते.

मांजरीचा चावा वरून टाचणीएवढा दिसतो, पण सुईसारखे दात जंतू खोलवर नेतात. हळद, चुना काही लावू नका. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी डॉक्टर गाठा.